फुले जन आरोग्य योजना की खासगी आरोग्य विमा?

महाराष्ट्रातील कुटुंबाने या दोन पर्यायांची तुलना केवळ रकमेवर करू नये. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते, हप्ता कुटुंबाला भरावा लागत नाही, आणि पूर्वी पिवळ्या-केशरी शिधापत्रिकेपुरती असलेली पात्रता आता पांढऱ्या शिधापत्रिकाधारकांपर्यंत पोहोचली आहे. जुना मधुमेह वा हृदयविकार असला तरी प्रतीक्षा कालावधी, म्हणजे उपचाराचा लाभ मिळण्याआधी थांबण्याचा काळ, नसतो, आणि माझ्या मते हाच तिचा सर्वांत मोठा आधार आहे. मात्र उपचार ठरलेल्या यादीतलाच हवा आणि रुग्णालय योजनेशी संलग्न हवे. रुग्णालयातील आरोग्यमित्राच्या, म्हणजे योजनेसाठी मदत करणाऱ्या कर्मचाऱ्याच्या, टेबलावर शिधापत्रिका आणि आधार कार्ड शेजारी ठेवले की नावातील एका वेलांटीचा फरकही काम अडवू शकतो. म्हणून ही दुरुस्ती घरात सगळे धडधाकट असतानाच करून घ्यावी.

खासगी विम्यात रुग्णालय आणि खोली निवडण्याची मोकळीक अधिक असते, परंतु वयाबरोबर हप्ता वाढतो आणि आधीपासूनच्या आजारांसाठी कमाल 3 वर्षे थांबावे लागू शकते. खोलीभाड्याची मर्यादा असलेल्या पॉलिसीत महागडी खोली घेतल्यास केवळ भाड्यातलाच नव्हे, तर बिलातील इतर काही खर्चांचाही प्रमाणशीर वाटा रुग्णावर पडतो, ही अट सही करण्यापूर्वी अवश्य वाचावी. ज्यांना हप्ता झेपतो त्यांनी तरुणपणीच पॉलिसी घ्यावी, पण शिधापत्रिका अद्ययावत ठेवणे सोडू नये, कारण एक घेतल्याने दुसऱ्याची पात्रता जात नाही.