मिग-२१ : शेपटीकडून पाहिलेले विमान

बेळगावजवळच्या सांबऱ्याच्या रस्त्यावर पहाटे भरतीसाठी धावणारी दोन-तीन मुले परतताना आमच्या ओट्यावर पाणी प्यायला थांबतात. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला अपघातांमुळे बदनाम झालेल्या मिग-२१ या सोव्हिएत बनावटीच्या लढाऊ विमानाला निरोप देण्यात आला, त्यानंतर त्यांच्यापैकी एकाने विचारले, "काका, ते विमान खरेच इतके वाईट होते का?" मी हवाई दलात वीस वर्षे इंजिन फिटर होतो आणि त्यांतील बराच काळ याच विमानावर गेला, म्हणून पुष्कळ दिवस वापरलेल्या यंत्राविषयी जसे प्रामाणिकपणे लिहावे, तसे लिहीत आहे. वैमानिकांची मते वेळोवेळी छापून आली आहेत. माझे मत शेपटीकडे उभ्या राहणाऱ्या माणसाचे आहे.

यंत्र म्हणून ते चांगले होते. १९६३ मध्ये ते आपल्याकडे आले, पुढे नाशिकजवळ ओझरला परवान्याने तयार होऊ लागले आणि १४ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्याच्या गव्हर्नर हाऊसवर याच विमानांनी अग्निबाण डागले. रचना साधी आणि दणकट होती. इंजिन काढायचे असेल तर शेपटीकडचा सगळा भाग सांध्यावर सोडवून गाडीवर मागे ओढता येत असे, आणि मग इंजिन डोळ्यांसमोर उघडे पडे. चाकांचे ब्रेक दाबाखालच्या हवेवर चालत. उतरताना वेग ताशी ३०० किलोमीटरच्या वर असल्यामुळे मागे छत्री उघडावी लागे आणि प्रत्येक फेरीनंतर ती गोळा करून पुन्हा घडी घालून बसवावी लागे. ते काम नव्या मुलांकडे जाई. अडचण होती ती अरुंद अंगाची. पत्र्यातल्या काही झडपांमधून कोपरापर्यंत हात घालून, न पाहता, केवळ बोटांच्या स्पर्शाने लॉकिंग वायर, म्हणजे नट सैल होऊ नये म्हणून बांधायची तार, पिळावी लागे, आणि राजस्थानच्या उन्हात तापलेल्या पत्र्याला दंड टेकला की कातडी भाजत असे.

वाईट झाले ते त्याच्या वयामुळे. धातू थकतो, रबराचे सील कडक होतात, तारांवरचे आवरण तडकते. तपासणीत पूर्वी न सापडणारे दोष सापडू लागतात आणि एका दिवसाची तपासणी तीन दिवसांवर जाते. आमच्या बेळगावच्या माणसाला येथे एक प्रश्न हमखास पडतो, कारण उद्यमबाग या आमच्या औद्योगिक वसाहतीत सकाळी तुटलेला पार्ट संध्याकाळपर्यंत लेथवर काढून मिळतो, मग विमानाचा का मिळू नये? उत्तर असे की विमानाच्या सुट्या भागाचे माप जुळणे पुरेसे नसते. तो कोणत्या धातूचा आहे, त्यावर उष्णतेची प्रक्रिया कशी झाली, त्याचे आयुष्य किती तासांचे आहे आणि त्याला प्रमाणपत्र कोणी दिले, हे सगळे कागदावर असल्याशिवाय तो बसवता येत नाही. मूळ देशातील उत्पादन थांबले की हा कागद दुर्मीळ होतो.

मग दुसऱ्या विमानाचा भाग काढून पहिल्याला बसवणे हा एकच मार्ग उरतो. बाहेरच्या माणसाला ही काटकसर वाटते. प्रत्यक्षात नवा भाग मिळाला असता तर खराब भाग काढणे आणि नवा बसवणे अशी दोन कामे झाली असती. येथे चार होतात, कारण चांगल्या विमानाचाही भाग काढावा लागतो आणि कधीतरी तो परत बसवावा लागतो. प्रत्येक कामानंतर तपासणी, सही आणि गरज असेल तर इंजिन चालवून पाहणे आलेच. अशाच एका रात्री, सोळा तासांच्या कामानंतर, आमच्या मोजणीत एक स्क्रू-ड्रायव्हर कमी भरला. तो सापडल्याशिवाय विमान सोडता येत नाही. पहाटे दोन वाजता तो एका झडपेच्या आत सापडला, आणि तो माझ्याच हातून राहिला होता. त्या रात्रीची भीती मला अजून आठवते, कारण चूक करणारा माणूस आळशी नव्हता, थकलेला होता.

म्हणून या विमानाच्या अपघातांचा सगळा दोष यंत्रावर टाकणे मला मान्य नाही. त्याची जागा घेणाऱ्या तेजस या देशी लढाऊ विमानाचा प्रकल्प १९८३ मध्ये मंजूर झाला, पहिले उड्डाण २००१ मध्ये झाले आणि पहिली तुकडी (स्क्वाड्रन) २०१६ मध्ये उभी राहिली. १२६ लढाऊ विमानांची निविदा २००७ मध्ये निघाली. शेवटी २०१६ मध्ये ३६ राफेलचा करार झाला. मधल्या काळात जुन्याच मिगला नवे रडार आणि नवी क्षेपणास्त्रे देऊन 'बायसन' करण्यात आले. ते काम चांगले झाले होते, परंतु सांगाडा जुनाच राहिला. हवाई दलाला मंजूर असलेल्या लढाऊ विमानांच्या ४२ तुकड्यांच्या जागी आज सुमारे २९ आहेत. खरेदीला झालेल्या प्रत्येक वर्षाच्या उशिराची भरपाई फिटरच्या रात्रपाळीने केली आहे, आणि ती कोणत्याही करारात दिसत नाही.

जग्वार ही लढाऊ विमाने १९७९ पासून आणि मिराज १९८५ पासून सेवेत आहेत, त्यामुळे मिग गेले म्हणून हा भार संपला असे नाही. त्यातच सांबऱ्याच्या हवाई दल प्रशिक्षण केंद्रातून २०२३ मध्ये अग्निवीरांची पहिली तुकडी बाहेर पडली. त्यांची सेवा चार वर्षांची, आणि त्यांतील जास्तीत जास्त पंचवीस टक्के पुढे राहणार. जुने इंजिन आवाजावरून ओळखायला मला चार वर्षे लागली होती. खानापूर, बेळगाव भागातील मुले मेहनती आहेत, शिकतीलही. पण शिकलेला हात तळावर टिकला पाहिजे, याची मला मनापासून काळजी वाटते.

तेजसच्या मार्क १-ए या सुधारित आवृत्तीची ८३ विमाने २०२१ मध्ये आणि आणखी ९७ विमाने सप्टेंबर २०२५ मध्ये मागवण्यात आली. अमेरिकेतून येणाऱ्या इंजिनांना उशीर झाल्यामुळे पुरवठाही लांबला. मी त्या विमानावर काम केलेले नाही. इंजिन बदलायला किती तास लागतात आणि बदलायचे इंजिन तळाच्या भांडारात तयार असते का, एवढे दोनच प्रश्न मी त्या मुलाला लिहून दिले आहेत. तो भरती होऊन पहिल्या सुट्टीवर आला की त्याच्याकडून उत्तरे घेणार आहे.