एम्बल्टनच्या किनाऱ्यावर नसलेलं घर आणि माझे १३६६ पाउंड

१३६६ पाउंड. आजच्या भावाने दीड लाख रुपयांच्या वर. आकडा आधीच सांगून टाकते, कारण कुणालाही ही हकिगत सांगितली की पहिला प्रश्न "किती गेले?" हाच येतो, आणि दुसरा "तुझ्यासारखी हिशेबी बाई फसलीच कशी?" हा. या दुसऱ्या प्रश्नाचा आता वीट आलाय.

सुट्टीच्या घराची खोटी जाहिरात, चोरलेले फोटो, आगाऊ पैसे, मग फोन बंद. हा धंदा कसा चालतो ते सगळ्यांना ठाऊक आहे, मलाही होतं. मी इथे इंग्लंडात रेडिंगला एका कंपनीत अकाउंट्स बघते, दुसऱ्यांची बिलं तपासणं हेच माझं काम. पण ऑगस्ट महिना, शाळांना सुट्टी, सोलापूरहून सासू-सासरे यायचे होते, आणि इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, नॉर्थम्बरलंड परगण्यात, त्या दिवसांत घर मिळणं किती कठीण असतं ते शोधणाऱ्यालाच कळतं. बॅम्बरा, सीहाउसेस, क्रास्टर, जिथे बघावं तिथे "उपलब्ध नाही". सासूबाईंचे गुडघे दुखतात म्हणून जिना नको, दोघांचं खाणं घरचं म्हणून स्वयंपाकघर हवं, म्हणजे हॉटेलं आपोआप बाद.

अशात सुट्टीच्या घरांच्या एका ग्रुपवर ती जाहिरात दिसली. एम्बल्टनच्या वाळूच्या टेकड्यांवर एकटंच पांढरं दगडी घर, दोन्ही झोपायच्या खोल्या तळमजल्यावर, आजूबाजूला चिटपाखरू नाही, समोर समुद्र आणि उजव्या हाताला डन्स्टनबरा किल्ल्याचे अवशेष. वर्णनात इतिहास ठासून भरलेला. लँकेस्टरच्या अर्ल थॉमसने १३१३ मध्ये किल्ला कसा बांधायला घेतला आणि १३२२ मध्ये त्याचं डोकं कसं उडवलं गेलं, ७९३ मध्ये लिंडिसफार्नच्या मठावर वायकिंगांची धाड कशी पडली, १८३८ च्या वादळात ग्रेस डार्लिंग वडिलांबरोबर वल्ही मारत फुटलेल्या जहाजावरच्या लोकांना वाचवायला कशी गेली. मी एकेक सन तपासला. सगळे बरोबर! तपासायचं होतं घर, आणि मी तपासत बसले वायकिंग.

आणि "भाव फार कमी असेल तर सावध व्हा" हा जो सल्ला सगळे देतात ना, तो माझ्या काय कामाचा? आठवड्याचं भाडं १२४० पाउंड होतं. त्या पट्ट्यात ऑगस्टमध्ये जे पडतं तेवढंच. हे लोक आता भाव पाडत नाहीत, बाजारभाव लावतात.

जाहिरातीखालच्या वेबसाइटवर मी चौकशीचा फॉर्म भरला आणि लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर 'मालकीण' आली. गोड बोलणारी, सासूबाईंच्या गुडघ्यांची चौकशी करणारी. पहिले ३१० पाउंड घर राखून ठेवायला, इथल्याच एका बँकेतल्या खात्यावर. पैसे पाठवताना माझ्या बँकेच्या अ‍ॅपवर ठळक अक्षरांत आलं की खातेदाराचं नाव जुळत नाही. विचारलं, तर म्हणाली, खातं साफसफाई बघणाऱ्या बाईचं आहे, माझं जरा अडकलंय. मी बटण दाबलं. नाव जुळत नाही असं अ‍ॅप सांगत असेल तर थांबा. साफसफाईवाली, मेहुणा, भागीदार, कुणाचंही नाव सांगू देत.

मग आली सवलत. उरलेले ९३० आत्ताच भरले तर एकूण भाड्यावर दहा टक्के सूट, म्हणजे १२४ कमी, म्हणजे ८०६. शिवाय मोडतोडीची अनामत २५०, परत मिळणारी. हे पैसे मात्र नवऱ्याच्या युरो खात्यावर पाठवा. खातेक्रमांकाची सुरुवात 'एलटी' या अक्षरांनी. म्हणजे लिथुआनिया. नॉर्थम्बरलंडच्या वाळूत पिढीजात घर असलेल्या बाईचे पैसे लिथुआनियाला का जावेत, हा प्रश्न मला पडला नाही असं नाही. पडला, आणि मीच त्याला उत्तर दिलं: ब्रेक्झिटनंतर लोक काय काय खाती काढून बसलेत! रोज आयबीएएन, म्हणजे आंतरराष्ट्रीय खातेक्रमांक, बघणाऱ्या माणसाचं हे असं होतं. परका खातेक्रमांक बघून मी बिचकले नाही, कारण मला त्याची सवय होती.

पण हेही राहू दे. माझ्या डोक्यातून जात नाही ती गोष्ट वेगळीच आहे.

युरोचे पैसे भरायच्या संध्याकाळी मी सासऱ्यांना फोटो पाठवले. व्हिडिओ कॉलवर ते म्हणाले, "छान आहे गं. समुद्र पूर्वेला ना? मग सकाळी खिडकीतूनच अर्घ्य देता येईल." त्यांचा रोजचा नेम आहे, तांब्यात पाणी घेऊन सूर्याला अर्घ्य दिल्याशिवाय चहा नाही. मी काय म्हटलं? म्हटलं, "नाही बाबा, इथे सूर्यास्त दिसतो. शेवटचा फोटो बघा ना." तो फोटो होताच तसा: पांढऱ्या भिंतीची कड, काचेचं दार, आणि त्यापलीकडे लालबुंद सूर्य अर्धा पाण्यात. खाली "आमच्या अंगणातला सूर्यास्त". त्यांनी चष्मा वर करून फोन डोळ्यांजवळ नेला, थोडा वेळ बघितलं आणि म्हणाले, "बरं. तिकडचं तुलाच जास्त माहीत." सुनेला खोटं कसं पाडायचं म्हणून गप्प बसले असणार.

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर उघड्या समुद्रात सूर्य मावळत नाही, उगवतो. हे मला माहीत नव्हतं? नकाशा तोंडपाठ होता. पण माझं माहेर गुहागरचं. समुद्र म्हटला की संध्याकाळी त्यात सूर्य बुडायचाच, हे इतकं अंगात मुरलंय की तो फोटो मला चुकीचा दिसलाच नाही. उलट त्याच फोटोसाठी मी ते घर घेतलं. फोन ठेवला आणि त्याच रात्री आधी ८०६ पाठवले, मग २५०. सोलापूरच्या माणसाने खिडकीची दिशा बरोबर ओळखली आणि किनाऱ्यावर वाढलेल्या मी त्यांना गप्प केलं!

जाहिरातीतला फोटो इंटरनेटवर टाकून तो मुळात कुठला आहे ते शोधून बघा. दोन मिनिटांचं काम आहे. मी नंतर बघितला: स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचं घर, त्याच्या खऱ्या मालकांना या कशाचा पत्ताही नाही.

पोहोचलो तो दिवस थोडक्यात सांगते. रेडिंगहून गाडीने आख्खा दिवस गेला. अ‍ॅनिक गावाच्या पुढे वळलो तेव्हा पाऊस. दिलेल्या पत्त्यावर गॉल्फचं मैदान आणि त्यापलीकडे टेकड्यांवर लाकडी बंगल्या. कुत्रं फिरवणाऱ्या एका बाईला फोनवरचा फोटो दाखवला. ती म्हणाली, इथे वाळूवर असं दगडी घर नाही, हे लाकडीच आहेत आणि सगळ्यांचे मालक मला माहीत आहेत. मागच्या सीटवर सासूबाई कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा डबा मांडीवर घेऊन बसलेल्या. त्या एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

अ‍ॅनिकमध्ये दोन खोल्या मिळाल्या, दोन रात्रींचे ३८४ पाउंड, तेही वरच्या मजल्यावर. हे १३६६ मध्ये धरलेलेच नाहीत. तिथल्या मालकिणीने लिंडिसफार्न बेटावर जायचं म्हटल्याबरोबर आधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक हातात दिलं, कारण दिवसातून दोनदा तो रस्ता पाण्याखाली जातो आणि दरवर्षी कुणाची तरी गाडी अडकते. आमची व्हॉट्सअ‍ॅपवाली म्हणाली होती, "केव्हाही जा, संध्याकाळी छान असतं." फार्न बेटांवर ऑगस्टच्या मध्यावर भरपूर पफिन पक्षी दिसतील असंही तिने सांगितलं होतं, सीहाउसेसचा बोटवाला हसला, पफिन जुलैअखेरीस निघून जातात. तेव्हा मालकाला तिथल्या माणसालाच ठाऊक असेल असं काहीतरी विचारा. भरती किती वाजता, कचरा कुठल्या वारी नेतात, दूध कुठून आणायचं. इतिहास विचारू नका, तो त्यांच्याकडे तयार असतो.

आता मदत करणाऱ्यांविषयी. पोहोचलो त्याच संध्याकाळी गाडीतून बँकेला फोन लावला. पंचेचाळीस मिनिटं संगीत, मग एका मुलाने "ऐकून वाईट वाटलं" म्हटलं आणि फॉर्म पाठवतो म्हणाला. ७ ऑक्टोबर २०२४ पासून इथे नियम आहे: फसवून करायला लावलेलं देशांतर्गत ट्रान्सफर बँकेने ८५ हजार पाउंडांपर्यंत परत करायचं, फार तर १०० कापून, एरवी कामाच्या पाच दिवसांत, आणि चौकशी लांबली तरी कामाच्याच पस्तीस दिवसांत. बँकेने पस्तीसच्या पस्तीस वापरले. मधे प्रश्नांची फैर: नाव जुळत नाही हे दिसलं होतं ना? मग का पाठवलेत? घर आधी बघायला का गेला नाहीत? रेडिंगहून? सुट्टीतलं घर कोण आधी बघून येतं? शेवटी ३१० मधले १०० कापून २१० दिले. ८०६ आणि २५० चं काय? ते परदेशी खात्यावर गेले, नियमात बसत नाहीत. विषय संपला. चोरांना हा नियम माझ्याआधी पाठ होता, म्हणूनच मोठी रक्कम युरोतून मागितली.

पोलिसांच्या १०१ वर फोन केला, तर "तुम्ही स्वतःहून पाठवलेत ना?" आणि एका राष्ट्रीय वेबसाइटचं नाव. वेबसाइटवर तासभर फॉर्म भरला, एक लांबलचक क्रमांक मिळाला, आणि काही आठवड्यांनी पत्र: सध्या तपासाला वाव दिसत नाही. वाव नाही? खातेक्रमांक दिला, फोन नंबर दिला, वेबसाइट दिली, सगळे मेसेज दिले! आणखी काय द्यायचं, चोराला धरून आणून द्यायचं? ग्राहक खात्याशी थेट बोलता येत नाही, आधी सल्लाकेंद्राला फोन करा म्हणे. सल्लाकेंद्र म्हणतं बँकेकडे जा. लिथुआनियाच्या बँकेला मेल केला, त्यांनी उत्तर दिलं की तुमच्या बँकेमार्फत या. माझी बँक म्हणते आम्ही कळवलंय. या टोलवाटोलवीत प्रत्येकजण "अशा घटना फार वाढल्यात" हे न चुकता सांगतो, जणू मला सोबत आहे म्हणून हायसं वाटावं. आणि त्या ग्रुपच्या चालकांनी तर कहर केला: मी लिहिलेला इशारा "नियमभंग" म्हणून काढला, जाहिरात तशीच ठेवली.

क्रेडिट कार्डाने भरले असते तर? १९७४ च्या ग्राहक पतकायद्याचं कलम ७५: शंभर पाउंडांहून जास्त आणि तीस हजारांपर्यंत किमतीच्या खरेदीला कार्ड कंपनी विक्रेत्याइतकीच जबाबदार. कार्ड घेतच नाही म्हणणारा घरमालक सोडून द्या, घर कितीही आवडलेलं असो. आणि भारतातून कुणी असे पैसे भरले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन, ताबडतोब.

बँकेच्या अंतिम उत्तरावर फायनान्शियल ऑम्बड्समनकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या संस्थेकडे, तक्रार केली आहे. त्यासाठी सहा महिन्यांची मुदत असते, ती घालवू नका. नवरा म्हणतो सोडून दे आता. नाही सोडणार.

आणि हे लिहायचं खरं कारण: ते पांढरं घर पुन्हा जाहिरातीत आलंय. नाव नवं, या वेळी बेरिकजवळ म्हणे, भाडं ११९०, सूर्यास्ताचा फोटो तोच. कुणी तिथे पैसे भरले असतील तर १५९ लावा, बहुतेक बँकांच्या फसवणूक विभागाला तो फोन जोडून देतो. व्हॉट्सअ‍ॅपवर तिला जाब विचारत बसू नका. आम्ही गाडीत बसून आधी तेच केलं, आणि ती "दहा मिनिटांत किल्ली घेऊन येते" म्हणत राहिली.