लळिंगच्या उतारावर आठ महिने, तीन सीट

ऑक्टोबरात पाऊस ओसरल्यावर मी हार्डटेल (फक्त पुढच्या चाकाला सस्पेन्शन असलेली) सायकल घेतली आणि जून उजाडेपर्यंत जवळपास प्रत्येक रविवारी लळिंग गाठलं. धुळ्याहून मालेगावच्या दिशेने साधारण १० किलोमीटर गेलं की किल्ल्याच्या डोंगराखालच्या मुरमाड पायवाटा लागतात. चढ दमवतो, पण माझी खरी परीक्षा उतारावर झाली, आणि ती सीटमुळे झाली.

सायकलीबरोबर आलेली सीट रुंद आणि मऊ होती. वरून मी जेलचं कव्हरही चढवलं. घरापासून देवपूरपर्यंत छान वाटायचं. तासाभराने मात्र हाडं त्या मऊपणात रुतायची आणि सगळा दाब मधल्या नाजूक भागावर यायचा. उतारावर तर आणखी त्रास. शरीर मागे न्यायला गेलं की मांड्या सीटच्या रुंद कडेला अडायच्या, कव्हर सरकायचं. डिसेंबरात एका उभ्या टप्प्यावर मागे सरकलो आणि परत पुढे येताना सैल हाफ पँटचा घोळ सीटच्या मागच्या कडेत अडकला. पाय टेकवायला वेळच मिळाला नाही. कोपर मुरमावर सोलून निघालं.

दुरुस्तीला सायकल नेली तेव्हा मिस्तरी काकांना मी आणखी जाड सीट मागितली. ते म्हणाले, "आधी सीट खाले कर भाऊ, मंग गादीनं देखू." आठ महिन्यांत मला मिळालेला सर्वांत मोलाचा सल्ला हाच.

पुढच्या रविवारी उतार सुरू होण्याआधी क्विक रिलीज (सीट आवळणारा हाताने उघडायचा खटका) उघडून सीट ८ सेंटीमीटर खाली घेतली. तोवर मला वाटायचं, उतारावर जमेल तितकं मागे लटकायचं. सीट उंच असली की दुसरा मार्गच उरत नाही. पण मागे लटकलं की पुढच्या चाकावर वजन राहत नाही, ते मुरमावर घसरतं आणि हँडल ऐकत नाही. सीट खाली गेल्यावर मी सायकलच्या मधोमध उभा राहू शकलो, गुडघे वाकलेले, छाती खाली, कोपर बाहेर. पुढच्या टायरने पकड घेतली. ज्या वळणावर मी नेहमी उतरून चालायचो, ते त्या दिवशी पहिल्यांदा सायकलवरून पार केलं.

एक चूक मात्र झाली. उत्साहात सीट पार तळाला नेली. लांब उतारावर उकिडवं राहून मांड्या भरून आल्या, शिवाय मांडीला सीटचा स्पर्शच उरला नाही. तो स्पर्श हवा असतो, सायकल कुठे झुकतेय ते त्यावरून कळतं. म्हणून साध्या उताराला ५–६ सेंटीमीटर आणि दगडांच्या पायऱ्यांना पूर्ण खाली, असं मी ठरवलं. पेडलिंगच्या उंचीची खूण म्हणून सीटपोस्टला (सीटखालच्या दांड्याला) इन्सुलेशन टेप गुंडाळली आहे. सीट वर करताना पोस्टवरची किमान खोलीची रेघ फ्रेमच्या आतच राहिली पाहिजे, नाहीतर फ्रेमला तडा जाऊ शकतो.

फेब्रुवारीत ड्रॉपर पोस्ट बसवला, म्हणजे चालवतानाच कळ दाबून सीट खाली-वर करता येणारा दांडा. माझा १२५ मिलिमीटर खाली-वर होतो. घेण्याआधी जुन्या पोस्टवर कोरलेला व्यास वाचा. माझा ३०.९ मिलिमीटर आहे, काहींचा २७.२ किंवा ३१.६ असतो आणि चुकीचा व्यास बसतच नाही. आपल्याकडच्या धुळीत त्याची नळी प्रत्येक फेरीनंतर फडक्याने पुसावीच लागते. सीट खाली असताना सायकल सीटला धरून उचलू नका, बऱ्याच हायड्रॉलिक ड्रॉपरमध्ये त्याने हवा शिरते.

सीट निवडताना अंदाज सोडून बसण्याच्या दोन हाडांमधल्या अंतराचं मोजमाप केलं. ओट्याच्या दगडी पायरीवर खोक्याचा नालीदार पुठ्ठा ठेवला, गुडघे उचलून बसलो, दोन्ही खळग्यांच्या मध्यात खूण केली. अंतर ११८ मिलिमीटर. मधे घेतलेली १३० मिलिमीटरची सीट अरुंद पडली, आता १४३ मिलिमीटरची आहे. रुंदीपेक्षा तिचा आकार मला जास्त भावला. मागची कड खाली वळलेली आणि गोलसर, नाक आखूड, गादी पातळ. पँट अडकत नाही. ज्यांची हाडं माझ्याच मापाची आहेत त्यांनीही मागची कड बोटाने चाचपूनच घ्यावी.

कोन ठरवायला सर्वांत जास्त वेळ लागला. सपाट ठेवली तर उभ्या चढावर नाकाचा दाब पडायचा. नाक ५ अंश खाली केल्यावर मी पुढे घसरून तळहातावर भार घ्यायला लागलो, मनगटं सुन्न. सीटवर पाटी ठेवून मोबाइलच्या लेव्हलने २ अंशांवर आणलं. एप्रिलमध्ये शहाद्याहून तोरणमाळला गेलो, तेव्हा सात पायरीच्या घाटात चढताना आणि परत उतरतानाही त्याला हात लावावा लागला नाही. रेलवर (सीटखालच्या दोन सळ्यांवर) सीट मधोमध आहे. हँडल लांब वाटतं म्हणून ती पुढे सरकवू नका, गुडघ्याचा हिशेब बिघडतो, त्यासाठी स्टेम (हँडल धरून ठेवणारा पुढचा तुकडा) बदलावा.

तक्रार एकच. रेल पकडणाऱ्या क्लॅम्पपाशी धूळ बसून रेल करकरतात. महिन्यातून एकदा क्लॅम्प उघडून पुसतो, दोन्ही बोल्ट पोस्टवर छापलेल्या टॉर्कइतकेच (कसण्याच्या जोराइतकेच) कसतो, तेवढ्यावर महिना शांत जातो. गेल्या आठवड्यात मागच्या कोपऱ्यावरची शिवण थोडी उसवलेली दिसली. पावसाआधी ती शिवून घेणार आहे.