चिपवर आयसोलेटर हवाय? मॅग्नेट, मॉड्युलेशन की केर रिंग

लेझरवर परत येणारा लाईट चिपवरच अडवायचाय, म्हणजे पुढे जाऊ देणारा आणि उलटा अडवणारा आयसोलेटर हवाय, तर रस्ते तीन आहेत, पण एका बाजूने जास्त लाईट जातो असा नुसता ग्राफ बघून भुलू नका. पॅसिव्ह, लिनियर आणि मॅग्नेट नसलेलं डिझाईन कितीही वेडंवाकडं केलं तरी रेसिप्रोकलच राहतं, बाहेर पडलेला मोड (लाईटचा पॅटर्न) तसाच उलटा पाठवला की तेवढाच परत येतो. 2011 च्या सायन्समधल्या एका पेपरवरून यावरच वाद झालेला, शेवटी 2013 मध्ये नेचर फोटॉनिक्समध्ये बऱ्याच जणांनी मिळून आयसोलेटर कशाला म्हणायचं आणि कशाला नाही ते लिहून काढलं.

माझं मत विचाराल तर भरवशाचा मॅग्नेटवालाच. सेरियम घातलेलं यट्रियम आयर्न गार्नेट, वर छोटा मॅग्नेट, पल्स असो की अगदी कमी पॉवर, काम करतो. त्रास फॅबमध्ये आहे, सिलिकॉन आणि गार्नेटचं लॅटिस जुळत नाही, तापवलं की दोघं वेगवेगळं फुगतात, म्हणून बाँडिंग करत बसा, आणि वर गार्नेट स्वतःही लाईट खातं. अजून एक गोची म्हणजे गार्नेट वेव्हगाईडच्या (चिपवरची लाईटची वाट) डोक्यावर बसवलं की फायदा टीएम मोडला (इलेक्ट्रिक फील्ड चिपला उभं) होतो आणि चिपवरचे लेझर बहुतेक टीई (फील्ड चिपला आडवं) देतात, मग पोलरायझेशन रोटेटर लावा आणि लॉस वाढवा. वेव्हगाईडची गोल रिंग केली तर जागा वाचते पण बँड (चालणाऱ्या वेव्हलेंग्थचा पट्टा) अगदी अरुंद, सिलिकॉनच्या रिंगची वेव्हलेंग्थ तर एका डिग्रीला साधारण 0.07 ते 0.08 नॅनोमीटर सरकते म्हणजे हीटर आलाच. जागा असेल तर माख-झेंडर (लाईट दोन वाटांत फोडून परत जोडणारा) घ्या.

मॅग्नेट अजिबात चालत नसेल, शेजारी सुपरकंडक्टिंग सर्किट वगैरे, तर लिथियम नायोबेटवर मॉड्युलेशन, म्हणजे इलेक्ट्रिक सिग्नलने लाईट सतत बदलत ठेवणं. आरएफ (रेडिओ फ्रिक्वेन्सी) मात्र सतत द्यावी लागते आणि नको असलेले साईडबँड (बाजूला तयार होणाऱ्या जादा फ्रिक्वेन्सी) निस्तरावे लागतात.

केर रिंग (केर म्हणजे लाईटच्या ताकदीनेच मटेरियलचा रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स बदलणं) सगळ्यात सोपी, सिलिकॉन नायट्राईड बास, ना मॅग्नेट ना आरएफ. पुढे जाणाऱ्या लेझरमुळे रेझोनन्स (ज्या वेव्हलेंग्थला लाईट रिंगमध्ये शिरतो) त्याच्यासाठी जेवढा सरकतो त्याच्या दुप्पट उलट येणाऱ्यासाठी सरकतो, म्हणून रिफ्लेक्शन रेझोनन्सबाहेर पडतं आणि अडतं. 2022 मध्ये हे चिपवर करून दाखवलंय. पण लेझर कंटिन्युअस हवा आणि पॉवरही पुरेशी हवी, लेझर बंद असेल तर ती नुसती रिंग, काहीच अडवत नाही.

कुठलाही घ्या, आयसोलेशनच्या (उलटा लाईट किती अडतो) आकड्याशेजारी इन्सर्शन लॉस (पुढे जाताना वाया जाणारा लाईट) विचाराच, 3 डीबी म्हणजे निम्मा लाईट तिथेच गेला. आणि केरवाल्याचं माप पुढचा लेझर चालू ठेवून घेतलंय ना, तेही.