उन्हाला दाराबाहेर थोपवणारी कचेरी: हडपसरचे ‘वन अर्थ’

पर्यावरणस्नेही कार्यालय म्हटले की बहुतेकांची नजर आधी गच्चीकडे जाते. हडपसरचे ‘वन अर्थ’ तर पवनचक्क्या बनवणाऱ्या सुझलॉन कंपनीचे मुख्यालय म्हणून उभारलेले, त्यामुळे आवारातल्या छोट्या पवनचक्क्यांचेच कौतुक अधिक होते. मात्र त्या आणि सौर पॅनेल मिळून क्षमता सुमारे 154 किलोवॉट, म्हणजे एवढ्या मोठ्या कार्यालयाच्या गरजेचा लहानसा वाटा. माझ्या मते या वास्तूचे श्रेय तिच्या ठेवणीला द्यायला हवे.

मूळचे अमेरिकन आणि पुढे पुण्यातच स्थायिक झालेले वास्तुरचनाकार ख्रिस्तोफर बेनिंजर यांनी इथल्या सुमारे 10 एकरांवर मनोरा न उभारता कमी उंचीच्या इमारती पसरल्या आणि त्यांच्यामध्ये पाणी, झाडे व मोकळे चौक ठेवले. जुन्या वाड्यांत चौकामुळे मधल्या खोल्यांनाही उजेड मिळत असे, तेच गणित इथे आहे. मधल्या ‘ब्रह्मस्थळा’तले दीपस्तंभ पाहून जेजुरी आठवते, ते मला किंचित नाटकी वाटले, पण असो.

सर्वांत उत्तम आहेत त्या काचेच्या बाहेर बसवलेल्या ॲल्युमिनियमच्या आडव्या पट्ट्या. ऊन एकदा काचेतून आत आले की आतला पडदा कितीही जाड असला तरी ती उष्णता खोलीतच राहते आणि शेवटी एसीलाच उपसावी लागते. पट्ट्या मात्र ते बाहेरच अडवतात आणि उजेड तेवढा आत येऊ देतात. मी स्वतः ज्या काचेच्या पेटीत नोकरी करतो, तिथे एप्रिलात दुपारी चार वाजता काचेला हात लावला तर चटका बसतो, म्हणून दिवसभर पडदे ओढलेले आणि भर दुपारी दिवे चालू असतात. दाराशी हरित इमारतीची चकचकीत पाटी आहेच.

‘वन अर्थ’ला 2010 च्या सुमारास हरित इमारतींसाठीच्या ‘लीड’ (LEED) या अमेरिकन पद्धतीचे प्लॅटिनम मानांकन आणि ‘गृह’ (GRIHA) या भारतीय पद्धतीचे पाच तारे, असे दोन्ही मिळाले, आणि ते योग्यच वाटते. तक्रार एकच: ॲल्युमिनियम तयार करायला प्रचंड वीज लागते, आणि हा खर्च दरमहाच्या वीजबिलात कधीच दिसत नाही. शिवाय हडपसरची धूळ लक्षात घेता, एवढ्या पट्ट्या पुसणाऱ्यांची मला काळजी वाटते.