वर्ग, लाइव्ह क्लास की रेकॉर्डेड कोर्स? चुकीच्या एका गणितावर घेतलेली पारख

१/२ + १/३ = २/५. अपूर्णांक शिकणाऱ्या कितीतरी मुलांच्या वहीत कधी ना कधी हे उत्तर येतं. अंशात अंश मिळवला, छेदात छेद मिळवला, झालं. अर्ध्यात आणखी काहीतरी घातलं आणि हातात अर्ध्याहून कमी उरलं, हे मुलाच्या ध्यानातही येत नाही. शिकवण्याची कोणतीही पद्धत पारखायची तर हे गणित पुढे ठेवावं. चूक कुणाच्या नजरेस पडते, किती वेळात पडते आणि पडल्यावर पुढे काय होतं, एवढंच पाहावं. इथे चार पद्धती याच कसोटीवर लावल्या आहेत: नेहमीचा वर्ग, लाइव्ह ऑनलाइन क्लास, रेकॉर्डेड कोर्स आणि उलटा वर्ग. शेवटी खासगी शिकवणीही.

आधी नेहमीचा वर्ग. त्याची खरी ताकद बाकांमधल्या वाटेत असते. गणित सोडवायला देऊन शिक्षक फिरायला लागले की एका वहीला पाच सेकंद पुरतात. ४० वह्या चार-पाच मिनिटांत नजरेखालून जातात. दुसऱ्या बाकावर २/५, पाचव्या बाकावर २/५, खिडकीजवळ पुन्हा २/५ दिसलं की शिक्षक तिथूनच फळ्याकडे वळतात आणि विचारतात, "२/५ मोठा की १/२?" चूक झाल्यापासून ती दुरुस्त व्हायला पाच मिनिटंही लागली नाहीत. इतक्या कमी साधनांत हे काम करणारी दुसरी पद्धत अजून निघालेली नाही.

पण शिक्षक पूर्ण तास फळ्यापाशीच उभे राहिले तर हा सगळा फायदा वाया जातो. मग वर्ग म्हणजे मागे नेता न येणारा, थांबवता न येणारा व्हिडिओच. २०१४ मध्ये विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या पदवी वर्गांवरच्या २२५ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. नुसतं व्याख्यान ऐकणाऱ्यांत नापासांचं प्रमाण ३३.८ टक्के निघालं, वर्गातच प्रश्न सोडवणाऱ्यांत २१.८ टक्के. दोन्हीकडे खोली तीच, बाकं तीच. वर्गात बसून विद्यार्थी काय करत होते, तेवढाच फरक.

"समजलं का?" हा वर्गातला सर्वांत निकामी प्रश्न. त्याला "हो" हे एकच उत्तर येतं आणि तेही कोरसमध्ये. त्याऐवजी प्रत्येकाने पाटीवर उत्तर लिहून खूण केल्यावर एकदम वर धरायचं. एका नजरेत सगळा वर्ग वाचता येतो. प्रश्न विचारल्यावर थांबणंही शिकावं लागतं. अमेरिकी शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी वर्गांच्या ध्वनिफिती तपासल्या तेव्हा शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात असं दिसलं. तेच तीन सेकंद किंवा जास्त थांबल्यावर उत्तरं लांबली आणि गप्प बसणारी मुलंही बोलू लागली. वर्गाची एक उणीव मात्र कायमची आहे: वेग सगळ्यांना एकच. गैरहजर राहिलेल्याचा तास बुडाला तो बुडालाच.

लाइव्ह ऑनलाइन क्लासमध्ये सर्वांत आधी वही नाहीशी होते. कॅमेऱ्यात चेहरा दिसतो, पण चूक चेहऱ्यावर दिसत नाही. त्यामुळे "कॅमेरा ऑन करा" या आग्रहाने फारसं काही साधत नाही. कॅमेरा वहीवर वळवणं जास्त कामाचं. फोन स्टँडला लावून वहीच्या वर ३० ते ४० सेंटीमीटरवर, खाली तोंड करून ठेवावा. उजव्या हाताने लिहिणाऱ्याला उजेड डावीकडून हवा, नाहीतर हाताची सावली नेमकी लिहिलेल्या आकड्यांवर पडते. पेन जाड आणि गडद असावं. हात हलला की चित्र धूसर होत असेल तर फोकस लॉक करावा. एकाच खोलीत दोन उपकरणांवरून जोडायचं असेल तर दुसऱ्याचा माइक आणि स्पीकर दोन्ही बंद हवेत. नाहीतर आवाज घुमतो आणि कितीतरी ऑनलाइन तासांची वाट त्या प्रतिध्वनीनेच लागते. नेट अडखळू लागलं तर आधी व्हिडिओ सोडावा आणि आवाज राखावा, कारण आवाजाला डेटा फारच कमी लागतो.

बॅच १०-१२ जणांची असेल तर वह्या पाहणं जमतं. त्यापुढे पोल आणि चॅटवर यावं लागतं आणि तिथला सापळा ठरलेला असतो. पहिल्याने उत्तर टाकलं की उरलेले तेच उतरवतात. तोडगा साधा आहे: सगळ्यांनी उत्तर टाइप करून ठेवायचं आणि शिक्षक "पाठवा" म्हणाले की एकदमच पाठवायचं. थांबायचा वेळही इथे वाढवावा, आठ-दहा सेकंदांपर्यंत, कारण म्यूट काढण्यातच दोन-तीन सेकंद जातात.

पोलचे पर्याय मन लावून बनवावे लागतात. १/२ + १/३ साठी ५/६ हे बरोबर उत्तर झालं. उरलेले तीन पर्याय वाटेल ते आकडे नकोत. २/५ निवडणाऱ्याने अंश आणि छेद सरळ मिळवले. २/६ निवडणाऱ्याला समच्छेद करायचं माहीत आहे, पण छेद बदलला की अंशही त्याच पटीत बदलतो हे निसटलं. १/६ वाल्याने बेरजेऐवजी गुणाकार केला. तिघांना तीन वेगळी औषधं लागतात. एरिक माझूर यांनी १९९१ पासून हार्वर्डच्या भौतिकशास्त्राच्या वर्गात रुजवलेली पद्धत इथे नेमकी बसते. बरोबर उत्तरं ३० ते ७० टक्क्यांच्या दरम्यान आली तर शिक्षकांनी उत्तर न सांगता जोड्यांना आपसांत वाद घालू द्यावा आणि पुन्हा मत घ्यावं. त्याहून कमी आली तर पुन्हा शिकवावं, जास्त आली तर पुढे जावं.

रेकॉर्डेड कोर्सच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. थांबवता येतो, मागे नेता येतो, रात्रीही बघता येतो. लांबी मात्र आवरावी. २०१४ मध्ये एडएक्स या ऑनलाइन कोर्सेसच्या व्यासपीठावरच्या चार कोर्सेसमधल्या व्हिडिओ पाहण्याच्या ६९ लाख नोंदी तपासल्या गेल्या. व्हिडिओ कितीही लांब असला तरी पाहणारे साधारण सहा मिनिटांपलीकडे टिकत नाहीत, असं त्यातून दिसलं. ४० मिनिटांचा तास जसाच्या तसा चित्रित करून विकायला ठेवणं म्हणजे दोन्हीकडचे तोटे एकत्र करणं.

याहून मोठा धोका वेगळा आहे. व्हिडिओ पाहताना सगळं समजल्यासारखं वाटतं, कारण गणित दुसरा कुणीतरी सोडवत असतो. मानसशास्त्रज्ञ रोडिगर आणि कार्पिके यांच्या २००६ च्या प्रयोगात पाच मिनिटांनंतर घेतलेल्या चाचणीत उतारा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र न बघता आठवून लिहिणाऱ्यांनी बाजी मारली. म्हणून व्हिडिओत प्रश्न आला की तो थांबवून कागदावर उत्तर काढायचं, मगच पुढे चालवायचा. हे करायला लावणारा कोर्स चांगला. नुसता "पाहून झालं" म्हणून टक्के वाढवणारा कोर्स वहीतल्या २/५ ला कधीच भेटत नाही.

कोर्सखाली दिसणाऱ्या रेटिंगच्या चांदण्यांवर म्हणूनच भरवसा ठेवू नये. २०१९ मध्ये हार्वर्डच्याच भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांवर झालेल्या अभ्यासात स्वतः प्रश्न सोडवणारे चाचणीत जास्त शिकलेले निघाले, पण आपण कमी शिकलो असं त्यांना वाटत होतं. ओघवतं व्याख्यान ऐकणाऱ्यांचं नेमकं उलट. चांदण्या देणारा प्रामाणिकच असतो, पण डोकं शिणलं याला तो शिकणं कमी झालं असं समजतो.

उलटा वर्ग, म्हणजे समजावणं घरी व्हिडिओवर आणि सराव वर्गात, ही चारही पद्धतींतली सर्वांत पटणारी जुळणी. २००७ च्या सुमारास कोलोरॅडोतल्या दोन रसायनशास्त्र शिक्षकांनी, जोनाथन बर्गमन आणि ॲरन सॅम्स यांनी, गैरहजर मुलांसाठी तास रेकॉर्ड करायला सुरुवात केली, त्यातून ती रुजली. ती बिघडते मात्र एकाच जागी: निम्मी मुलं व्हिडिओ न पाहता येतात, शिक्षकांना दया येते आणि ते सगळं पुन्हा शिकवतात. तिसऱ्या आठवड्यापर्यंत व्हिडिओ पाहणारेही पाहणं सोडतात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. त्यावर उपाय असा: सहा मिनिटांचा एकच व्हिडिओ, तासाच्या सुरुवातीला त्यावर तीन प्रश्न, न पाहिलेल्यांनी मागच्या बाकावर बसून तो आधी पाहायचा, बाकीच्यांनी लगेच सरावाला लागायचं. कुणासाठीही पुन्हा शिकवायचं नाही.

खासगी शिकवणीचे कौतुक करताना अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांचा १९८४ चा निष्कर्ष हमखास पुढे केला जातो: एकास एक शिकवलेला सरासरी विद्यार्थी वर्गातल्या ९८ टक्के मुलांच्या पुढे जातो. नंतरच्या मोजमापांत फायदा दिसला, पण इतका मोठा नाही. त्यात ब्लूम यांच्या अभ्यासातल्या मुलांना प्रत्येक पायरी पक्की झाल्याशिवाय पुढे जाऊ दिलं जात नव्हतं, हे सांगायचं सहसा राहून जातं. शिक्षक मुलाशेजारी बसून स्वतःच गणित सोडवत असतील तर तीही समोरासमोरची रेकॉर्डिंगच.

कोणत्याही क्लासचा चाचणी तास मिळाला तर मुलाला मुद्दाम २/५ लिहून ठेवायला सांगावं आणि घड्याळ लावावं. पाच मिनिटांत कुणी "हे कसं काढलंस?" असं विचारलं तर प्रवेश घ्यावा. तास संपेपर्यंत ती ओळ तशीच राहिली तर दुसरा क्लास शोधावा. आणि स्क्रीनवर नुसती लाल फुली येऊन पुढचा प्रश्न उघडला, तर दोन दिवसांनी तेच गणित आकडे बदलून, १/४ + १/३ असं, पुन्हा द्यावं. उत्तर २/७ आलं तर फुलीने काहीच शिकवलं नाही.