उंचावलेल्या ऑफ-रोड गाडीसाठी ३३ इंची टायर घ्यावेत की ३५ इंची?

सस्पेन्शन दोन-अडीच इंचांनी उंचावले की मडगार्डखाली मोकळी जागा दिसू लागते आणि ती भरून काढण्यासाठी मन थेट ३५ इंची टायरकडे धावते. मात्र निवड त्या जागेवरून करू नये. गाडीचे गिअर, ब्रेक आणि स्टिअरिंग किती भार पेलतील यावरून ती करावी, असे माझे ठाम मत आहे. पुढील तुलनेसाठी मूळचे टायर २६५/७० आर १७ (रुंदी २६५ मिलिमीटर, बाजूची भिंत रुंदीच्या ७० टक्के, रिम १७ इंची), म्हणजे सुमारे ३१.६ इंच उंचीचे आहेत असे धरले आहे.

लिफ्टमुळे, म्हणजे सस्पेन्शन उंचावल्याने, चासी आणि बॉडी वर जाते, पण दोन्ही चाके एकाच दांड्यावर असलेल्या सलग अ‍ॅक्सलच्या गाडीत डिफरन्शियल (दांड्याच्या मधला, चाकांना ताकद वाटणारा गिअरचा गोळा) जमिनीपासून पूर्वीच्याच उंचीवर राहते. ते उचलण्याचे काम केवळ टायर करतो आणि तेही व्यासातील वाढीच्या निम्म्याने. ३३ इंची म्हणून ओळखला जाणारा २८५/७० आर १७ प्रत्यक्षात सुमारे ३२.७ इंच भरतो, त्यामुळे डिफरन्शियल जेमतेम १४ मिलिमीटर वर येते. ३५ इंचीच्या नावाने घेतला जाणारा ३१५/७० आर १७ हिशेबाने ३४.४ इंचांचा असतो आणि तिथे हीच वाढ सुमारे ३५ मिलिमीटर होते. दगडाळ वाटेवर हा फरक खरोखर मोलाचा आहे आणि मोठ्या टायरच्या बाजूने बोलणारा सर्वांत भक्कम मुद्दाही तोच आहे.

या वाढीची किंमत गिअर मोजतात. चाक मोठे झाले की एका फेऱ्यात गाडी अधिक अंतर कापते, म्हणजेच इंजिनाची खेच तेवढ्या प्रमाणात घटते. मूळचा अ‍ॅक्सल रेशो (चाकाच्या एका फेरीसाठी शाफ्टच्या किती फेऱ्या लागतात ते प्रमाण) ३.७३ असेल, तर ३३ इंचीवर तो सुमारे ३.६० असल्यासारखा वागतो आणि पिकअपमधला फरक बहुतेकांना सहन होतो. ३५ इंचीवर मात्र तो ३.४३ च्या आसपास घसरतो. चढावर गाडी वरच्या गिअरमध्ये टिकत नाही, आणि मूळची खेच परत मिळवायची तर दोन्ही अ‍ॅक्सलमध्ये ४.१० चे गिअर बसवावे लागतात. स्पीडोमीटरही फसवतो: काटा १०० वर असताना ३३ इंचीवर खरा वेग सुमारे १०३, तर ३५ इंचीवर जवळजवळ १०९ असतो, म्हणून संगणकात नव्या टायरचे माप भरून घेणे आवश्यक आहे. त्यातच ३५ इंची चाक बरेच जड असते. तेच जुने ब्रेक अधिक वजनाच्या आणि अधिक त्रिज्येच्या चाकाला थांबवू पाहतात, तेव्हा उतारावर थांबण्याचे अंतर वाढते. बॉल जॉइंट, टाय रॉड आणि हब बेअरिंग यांची झीजही वेगाने होते.

रिमच्या बाबतीत मला फारसा संभ्रम वाटत नाही. २७५/६० आर २० हा टायरही ३३ इंचांचाच आहे, परंतु त्याची बाजूची भिंत १६५ मिलिमीटर उंच आहे, तर १७ इंची रिमवरच्या २८५/७० ची जवळजवळ २०० मिलिमीटर. वाळूत वा दगडांवर हवा कमी केल्यावर हीच भिंत फुगते, टायर लांबट होऊन जमिनीला अधिक पकडतो आणि रिमला धक्का बसत नाही. डांबरी रस्त्यावर २० इंची रिमवरची गाडी वळणांत अधिक नेमकी वाटते, हे खरे. पण कच्च्या वाटांसाठी गाडी उंचावली असेल तर ब्रेक कॅलिपरला पुरेशी जागा देणारी सर्वांत लहान रिमच योग्य.

ऑफसेटकडे (रिमच्या मध्यरेषेपासून हबला टेकणाऱ्या पृष्ठभागाच्या अंतराकडे) बहुधा दुर्लक्ष होते आणि घासण्याच्या निम्म्या तक्रारी तिथूनच उद्भवतात. ऑफसेट कमी केला की चाक बाहेर सरकते: आतल्या बाजूला सस्पेन्शनच्या भागांपासून अंतर मिळते, पण स्टिअरिंग वळवताना टायर मोठ्या वर्तुळात फिरतो आणि मडगार्डच्या मागच्या कडेला भिडतो. खरेदीपूर्वी त्या मापाचे चाक मिळाल्यास तात्पुरते बसवून पुढचे एक चाक रॅम्पवर चढवावे, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवावे आणि टॉर्चच्या उजेडात मडगार्डचे अस्तर, बॉडी माउंट (बॉडी चासीला जोडणारा आधार) व ब्रेकची नळी या तिन्ही ठिकाणी बोटे घालून फट तपासावी. सपाट जमिनीवर सुटलेली फट सस्पेन्शन पूर्ण दबल्यावर नाहीशी होते, म्हणून बंप स्टॉपची (सस्पेन्शनची वरची हालचाल थांबवणाऱ्या अडथळ्याची) उंचीही टायरच्या मापाला जुळवून घ्यावी लागते.

घासण्याचीच अडचण असेल तर २५५/८० आर १७ या उंच व अरुंद टायरचा विचार अवश्य करावा. त्याची उंची सुमारे ३३.१ इंच आहे, रुंदी २८५/७० पेक्षा ३० मिलिमीटरने कमी आहे, आणि त्यामुळे मडगार्ड कापण्याची वेळ सहसा येत नाही. मऊ वाळूत रुंद टायर सरस ठरतो, तर खाली टणक थर असलेल्या उथळ चिखलात अरुंद टायर तळापर्यंत लवकर पोहोचतो.

टायरच्या नक्षीबद्दल थोडक्यात: रोजच्या वापरात ऑल-टेरेन (रस्ता आणि कच्ची वाट दोन्हींसाठीचा) पुरेसा असतो, मड-टेरेन (चिखलासाठी खोल नक्षीचा) चिखलात निर्विवाद चांगला, पण महामार्गावर गोंगाट करणारा आणि ओल्या डांबरावर कमी पकड देणारा आहे.

दोन-अडीच इंच लिफ्ट आणि मूळचे गिअर असलेल्या, रस्त्यावरही नियमित चालणाऱ्या गाडीसाठी म्हणूनच मी १७ इंची रिमवरच्या ३३ इंची ऑल-टेरेनची शिफारस करेन. ज्यांचा बहुतेक प्रवास खडकाळ वाटांवरूनच होतो आणि जे गिअर, ब्रेक व स्टिअरिंगवर एकाच वेळी काम करून घेण्यास तयार आहेत, त्यांनी ३५ इंची निवडावेत. दोन्ही पर्यायांत स्टेपनीही त्याच मापाची हवी, कारण वेगळ्या व्यासाचे चाक लावून फोर-व्हील ड्राइव्हमध्ये चालवल्यास ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीवर) ताण येतो. मागच्या दारावर स्टेपनी टांगणाऱ्या गाडीत ३५ इंचीचे वजन बिजागऱ्यांना झेपेल का, हे ऑर्डर देण्याआधीच पाहून घ्यावे.